सुरळीत वाहणारा थर कुठे आणि कसा बिघडतो: सीमास्तराच्या संक्रमणाची पायरीपायरीने ओळख

विंड टनेलमध्ये, म्हणजे मॉडेलवरून हवा सोडून प्रवाह तपासायच्या बोगद्यात, काम करणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे. एक बारीक पोकळ नळी घ्यायची, तिचं तोंड प्रवाहाकडे करून पंखाच्या पृष्ठभागाला टेकवायचं, दुसरं टोक रबरी नळीने स्टेथोस्कोपला जोडायचं आणि ऐकायचं. पंखाच्या पुढच्या कडेजवळ जवळपास शांतता असते. नळी हळूहळू मागे सरकवत न्यायची. बराच वेळ काही ऐकू येत नाही. मग मध्येच ‘फट्’. पुन्हा शांतता. पुन्हा फट्, फट्. आणखी थोडं मागे गेलं की हे फटफटणं दाट होत जातं आणि शेवटी नुसता अखंड घोंघाट उरतो.

मी या विषयात पडलो तो हा आवाज ऐकूनच. शांतता संपून घोंघाट सुरू होईपर्यंतचा जो टापू आहे, त्याला संक्रमण म्हणतात. सुरळीत प्रवाहाला आपल्याकडे स्तरीय आणि खळबळीच्या प्रवाहाला संक्षुब्ध असे शब्द आहेत, पण प्रयोगशाळेत सगळे लॅमिनार आणि टर्ब्युलंटच म्हणतात, म्हणून मीही इथे तेच वापरतो.

नवखा विद्यार्थी पहिला प्रश्न हमखास विचारतो: “कितव्या रेनल्ड्स अंकाला प्रवाह टर्ब्युलंट होतो?” (वेग, अंतर आणि चिकटपणा यांतून निघणारा हा आकडा; त्याचा हिशेब दुसऱ्या पायरीत येतो.) हा प्रश्न अपुरा आहे, आणि तो अपुरा का आहे हे कळलं की निम्मा विषय हाती येतो. खरं विचारायचं ते असं: गडबड आली कुठून, येताना केवढी होती, आणि वाटेत तिला वाढायला काय मिळालं? खालच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती रचल्या आहेत.

पायरी १: आधी थर डोळ्यांसमोर आणा

हवा असो की पाणी, घन पृष्ठभागाला अगदी लागून असलेले कण पृष्ठभागाला धरून राहतात. तिथे वेग शून्य. जरा वर गेलं की वेग वाढतो, आणखी वर गेलं की तो बाहेरच्या प्रवाहाइतका होतो. शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतचा हा चढ ज्या पातळ पट्ट्यात होतो तो सीमास्तर. लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्ग इथल्या गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ही कल्पना मांडली. त्यांचे विद्यार्थी ब्लासिउस यांनी १९०८ मध्ये सपाट पट्टीवरच्या लॅमिनार सीमास्तराचं गणित सोडवलं, आणि आजही प्रत्येक जण सुरुवात तिथूनच करतो.

एक कागद घ्या. खाली पृष्ठभागाची आडवी रेघ काढा. तिच्यावर वेगवेगळ्या उंचीला वेगाचे बाण काढा: खालचा शून्य लांबीचा, वर जाताना लांब होणारे. बाणांची टोकं जोडली की वेगाची वक्ररेषा मिळते. लॅमिनार थरात ही रेषा हळूहळू कलत जाते. टर्ब्युलंट थरात ती पृष्ठभागाजवळच एकदम फुगते, कारण भोवरे वरचा वेगवान द्रायू (म्हणजे वाहणारी हवा किंवा पाणी) सतत खाली आणून टाकत असतात. हे चित्र हाताने काढाच. पुढे ‘वक्ररेषेला बाक आला’ असं म्हटलं जाईल, तेव्हा ते याच चित्राबद्दल असेल.

पायरी २: हिशेब करा, पण आकड्यावर विसंबू नका

रेनल्ड्स अंक म्हणजे बाहेरचा वेग गुणिले पुढच्या कडेपासूनचं अंतर, भागिले शुद्धगतिक श्यानता (श्यानता म्हणजे द्रायूचा चिकटपणा; तिला घनतेने भागलं की शुद्धगतिक श्यानता मिळते). साध्या तापमानाला हवेची शुद्धगतिक श्यानता सेकंदाला सुमारे ०.००००१५ चौरस मीटर, तर पाण्याची सुमारे ०.०००००१ चौरस मीटर असते.

समजा, सेकंदाला १० मीटर वेगाने हवा सपाट पट्टीवरून चालली आहे. पुढच्या कडेपासून ७५ सेंटिमीटरवर रेनल्ड्स अंक ५ लाख येतो. तिथे थर किती जाड? अंतराला ५ ने गुणा आणि रेनल्ड्स अंकाच्या वर्गमुळाने भागा. उत्तर येतं सव्वापाच मिलिमीटर. एवढ्याशा जाडीत हे सगळं नाट्य घडतं.

पाठ्यपुस्तकात संक्रमणाचा अंक म्हणून हेच ५ लाख छापलेले असतात. प्रत्यक्षात सपाट पट्टीवर संक्रमण ३ लाखांच्या आसपास झालेलं दिसतं आणि अतिशय शांत विंड टनेलमध्ये २८ लाखांपर्यंत लांबलेलंही दिसतं. पुढे टनेलमधला आवाजही दाबला, तेव्हा ते ५० लाखांच्या आसपास सरकलं. पट्टी तीच, हवा तीच, तरी दहा-पंधरा पटींचा फरक. म्हणून ५ लाख हा आकडा वहीत लिहा, पण पेन्सिलीने.

नळीतल्या प्रवाहाच्या संक्रमणासाठी २,३०० हा अंक सांगतात, त्याच्याशी याची गल्लत करू नका. तिथे अंतराच्या जागी नळीचा व्यास येतो आणि भौतिकीही वेगळी आहे. मात्र हाताने करून पाहायला नळीचाच प्रयोग सोपा. १ सेंटिमीटर आतला व्यास असलेली सरळ पारदर्शक नळी घ्या, पाण्याची पातळी स्थिर राहील अशी टाकी वर ठेवा आणि तोंडाशी बारीक सुईतून रंग सोडा. १ लिटर पाणी भरायला साधारण ५५ सेकंद लागत असतील, तर तुम्ही २,३०० च्या जवळ आहात. त्याहून बरंच हळू सोडलं तर रंगाची रेघ सुतासारखी सरळ राहते, जोरात सोडलं तर काही अंतरावर ती थरथरते आणि विस्कटते.

ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी मँचेस्टरला हाच प्रयोग केला, १८८३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. टाकीतलं पाणी बराच वेळ स्थिर होऊ देऊन, नळीचं तोंड कर्ण्यासारखं गुळगुळीत करून त्यांनी सुमारे १३,००० पर्यंत प्रवाह लॅमिनार ठेवला होता. पुढच्या काळात त्याच उपकरणावर तेवढा अंक गाठणं जमेना, कारण बाहेरच्या रस्त्यावरची वाहतूक वाढली होती आणि जमिनीची थरथर टाकीपर्यंत पोहोचत होती. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात बोलका दाखला आहे.

पायरी ३: गडबड आत कुठून शिरते ते शोधा

सीमास्तर आपण होऊन बिघडत नाही. त्याला बाहेरून ठिणगी लागते: येणाऱ्या हवेतली मुळातली खळबळ, पंख्याचा आवाज, मॉडेलची थरथर, पृष्ठभागावरचा कण किंवा ओरखडा. या शिरकावाला इंग्रजीत रिसेप्टिव्हिटी म्हणतात. मराठीत ‘ग्रहणशीलता’ चालेल.

इथे एक कोडं आहे. सेकंदाला १०० कंपनांचा आवाज हवेत सुमारे साडेतीन मीटर तरंगलांबीचा असतो. त्याच वारंवारतेची, आपल्या १० मीटर वेगाच्या थरात वाढू शकणारी लाट जेमतेम ३ ते साडेतीन सेंटिमीटर लांब असते. शंभरपट लांब लाटेने एवढीशी लाट कशी काय उठवायची? सपाट, गुळगुळीत, एकसारख्या पृष्ठभागावर ती उठवू शकत नाही. पण जिथे थर थोडक्या अंतरात झपाट्याने बदलतो (पुढची कड, सांधा, उंचवटा, पट्टीची धार) तिथे लांब लाटेचं आखूड लाटेत रूपांतर होतं. म्हणून अनुभवी माणूस मॉडेल हातात घेतल्यावर पहिल्यांदा पुढच्या कडेवरून बोट फिरवतो, आणि मग तिथला बोटाचा ठसाही पुसून काढतो.

तुमच्या प्रयोगासाठी गडबडीची यादी करा. येणाऱ्या प्रवाहाची खळबळ किती टक्के? पंख्याची पाती सेकंदाला किती वेळा फिरतात? मॉडेलची स्वतःची कंपनं किती? ही यादी नसेल तर पुढची कुठलीही मोजणी दुसऱ्या कुणाला पडताळता येणार नाही.

पायरी ४: लाट वाढेल की विरेल?

हा भाग सावकाश वाचा, कारण विषयाचा जीव इथे आहे.

शिरलेली गडबड फार बारीक असते, बाहेरच्या वेगाच्या एक हजारांशाहूनही लहान. तिच्या वागणुकीचं समीकरण ऑर यांनी १९०७ मध्ये आणि सोमरफेल्ड यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे मांडलं. वेगाची वक्ररेषा, रेनल्ड्स अंक आणि लाटेची वारंवारता घातली की लाट वाढेल की मरेल हे ते सांगतं. स्क्वायर यांनी १९३३ मध्ये दाखवलं की सगळ्यात आधी अस्थिर होते ती प्रवाहाच्या दिशेने सरळ जाणारी लाट, तिरपी नव्हे. त्यामुळे सुरुवातीचा हिशेब दोन मितींत भागतो.

आता अडचण. रेली यांनी १८८० मध्येच दाखवलं होतं की श्यानता नसेल, तर वेगाच्या वक्ररेषेला कुठेतरी उलटा बाक आल्याशिवाय प्रवाह अस्थिर होऊ शकत नाही. सपाट पट्टीवरच्या थराला आत कुठेच असा बाक नाही. म्हणजे श्यानतेशिवाय तो स्थिर. श्यानता तर घर्षण, ती गडबड विझवणार असंच कुणालाही वाटेल. मग हा थर टर्ब्युलंट होतो तरी कसा?

उत्तर उलट्या बाजूने आलं: श्यानताच लाट वाढवते. झोपाळ्याचं उदाहरण घ्या. तुम्ही झोपाळ्याला ढकलता, पण ताल चुकला तर अर्धा वेळ त्याला ऊर्जा देता आणि अर्धा वेळ काढून घेता, हिशेब शून्य. श्यानता नसलेल्या थरात लाटेचं नेमकं हेच होतं. तिचा आडवा हेलकावा आणि उभा हेलकावा यांच्यात पाव आवर्तनाचं अंतर असतं, म्हणून मुख्य प्रवाहाकडून मिळालेली ऊर्जा ती लगेच परत करून बसते. पण पृष्ठभागावर लाटेचाही वेग शून्य असायला हवा, आणि ती अट श्यानता लादते. त्यामुळे पृष्ठभागालगत एका अतिपातळ पट्ट्यात आडव्या हेलकाव्याचा ताल थोडा सरकतो. एवढ्या सरकण्याने मंद द्रायू वर उचलला जाणं आणि वेगवान द्रायू खाली येणं नेमकं जुळून येतं, आणि मुख्य प्रवाहाची ऊर्जा लाटेच्या पदरात पडू लागते. रेनल्ड्स अंक फार कमी असेल तर श्यानतेचा विझवणारा हात जड पडतो. मधल्या पट्ट्यात मात्र तिचा ताल सरकवणारा हात जिंकतो.

टोल्मीन यांनी १९२९ मध्ये हा हिशेब पुरा केला आणि श्लिख्टिंग यांनी १९३३ मध्ये लाटांची वाढ मोजून दिली. म्हणून या लाटांना टोल्मीन-श्लिख्टिंग लाटा म्हणतात. जाता जाता: वेर्नर हायझेनबर्ग यांनी १९२३ मध्ये म्युनिकला डॉक्टरेट मिळवली, तीही द्रायूच्या प्रवाहाच्या स्थैर्यावरच्या कामासाठी.

बरीच वर्षं या लाटांवर फारसा कुणाचा विश्वास नव्हता, कारण प्रयोगात त्या दिसतच नव्हत्या. विंड टनेलमधल्या हवेत मुळातच इतकी खळबळ असे की लाट उठायच्या आत थर बिघडून जाई. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये शूबाउअर आणि स्क्रॅमस्टाड यांनी बारीक जाळ्या लावून ही खळबळ जवळपास ०.०३ टक्क्यांपर्यंत उतरवली आणि हॉट वायर (वेग मोजणारी बारीक तापलेली तार) थरात धरली. ऑसिलोस्कोपवर स्वच्छ, नियमित लाटा उमटल्या. मग त्यांनी पृष्ठभागालगत धातूची पातळ पट्टी ताणली, तिच्यातून विद्युतप्रवाह सोडून चुंबकाने ती हव्या त्या वारंवारतेला थरथरवली, आणि कुठली लाट वाढते, कुठली विरते हे बिंदू-बिंदूने मोजलं. गणिताने जो आकार सांगितला होता तोच मिळाला. दुसऱ्या महायुद्धामुळे हे काम काही वर्षं गुप्त राहिलं, बाकीच्या जगाला ते युद्धानंतर कळलं.

तो आकार वाचायला शिका. आडव्या अक्षावर रेनल्ड्स अंक आणि उभ्या अक्षावर वारंवारता घेतली, तर अस्थिरतेचा प्रदेश डावीकडे आडव्या पडलेल्या अंगठ्यासारखा दिसतो. एका ठरावीक वारंवारतेची लाट मागे जाते, म्हणजे आलेखावर आडव्या रेषेत उजवीकडे सरकते. आधी ती विरत असते, अंगठ्यात शिरली की वाढते, बाहेर पडली की पुन्हा विरते. तिने काय ते साधायचं तेवढ्या मुक्कामात साधायचं. अंगठ्याचं टोक येतं रेनल्ड्स अंक ९१,००० च्या आसपास. आपल्या उदाहरणात हे पुढच्या कडेपासून १४ सेंटिमीटरवर. आणि टर्ब्युलन्स? ७५ सेंटिमीटरवर, किंवा शांत टनेलमध्ये चार मीटरच्याही पुढे. अस्थिरता सुरू होणं आणि प्रवाह टर्ब्युलंट होणं यांच्यात एवढी वाट आहे. नवख्यांच्या निम्म्या चुका या दोन गोष्टी एकच समजण्यातून होतात.

स्वतः गणित करून पाहायचं असेल, तर सुरुवात दोन समांतर भिंतींमधल्या प्रवाहापासून करा, तिथे थर जाड होत जाण्याची भानगड नाही. लांबीचं माप भिंतींमधल्या अंतराच्या निम्मं आणि वेगाचं माप मधला वेग घ्या. ऑर-सोमरफेल्ड समीकरण चेबिशेव्ह बहुपदींनी सोडवा. रेनल्ड्स अंक १०,००० आणि तरंगसंख्या (२π भागिले तरंगलांबी) १ घातल्यावर लाटेच्या वेगाचा वास्तव भाग ०.२३७५ आणि काल्पनिक भाग ०.००३७४ यायला हवा (काल्पनिक भाग शून्याहून जास्त म्हणजे लाट वाढते). आला तर तुमचा प्रोग्रॅम बरोबर. मग तरंगसंख्या १.०२ करून अंक कमी करत जा. ५,७७२ ला वाढ थांबते. हा आकडा पहिल्यांदा स्वतःच्या प्रोग्रॅममधून निघतो तेव्हाचा आनंद मी अजून विसरलेलो नाही.

पायरी ५: सरळ लाट वाकते

लाटेचा हेलकावा बाहेरच्या वेगाच्या साधारण एक टक्क्यापर्यंत पोहोचला की साधं गणित संपतं. रुळासारखी सरळ असलेली लाट आडव्या दिशेने नागमोडी होते. तिचे पुढे आलेले भाग ताणले जातात आणि वरून पाहिलं तर बाणाच्या टोकांसारखे भोवरे ओळीने दिसतात. एकामागे एक अशी रांग असेल तर ती क्लेबानॉफ प्रकारची, विटांच्या बांधकामासारखी आडमोड रांग असेल तर हर्बर्ट प्रकारची. क्लेबानॉफ आणि सहकाऱ्यांचा यावरचा प्रयोग १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या भोवऱ्यांची डोकी वर उचलली जातात, केसांच्या पिनेसारखा आकार येतो आणि डोक्याखाली वेगाची वक्ररेषा जागोजागी उलटी बाकते. रेलींचा तो बाक आता हजर झाला, आणि त्याने येणारी अस्थिरता फार जलद असते. हॉट वायरवर नियमित लाटेच्या अंगावर अचानक टोकदार काटे दिसू लागले, तर समजा, शेवट जवळ आला. आतापर्यंतची वाट सावकाशीची होती. यापुढचं सगळं काही थोड्या तरंगलांब्यांत उरकतं.

पायरी ६: डाग ओळखा

टर्ब्युलन्स एका रेषेवर एकदम सुरू होत नाही. इथे-तिथे, केव्हाही, टर्ब्युलंट डाग उमटतात. एमन्स यांना १९५१ मध्ये ते टेबलावरून वाहणाऱ्या पाण्याच्या पातळ थरात दिसले. डाग वरून बाणाच्या पात्यासारखा दिसतो. त्याची पुढची बाजू बाहेरच्या वेगाच्या सुमारे नव्वद टक्के वेगाने पळते, मागची जेमतेम निम्म्या वेगाने. त्यामुळे तो जाता जाता लांबतो, रुंदावतो, शेजारच्याला मिळतो, आणि शेवटी लॅमिनार जागा शिल्लकच राहत नाही.

स्टेथोस्कोपमधला फट् म्हणजे नळीवरून गेलेला असाच एक डाग. एखाद्या जागी एकूण वेळेपैकी किती भाग प्रवाह टर्ब्युलंट असतो, तो शून्य ते एक यांच्यामधला आकडा लिहायचा. संक्रमणाची जागा सांगताना एक बिंदू देण्यापेक्षा हा आकडा शून्यावरून कुठे हलला आणि एकापर्यंत कुठे पोहोचला, या दोन जागा द्या.

पायरी ७: आडवाट लक्षात ठेवा

वर सांगितलेली वाट शांत हवेतली. येणाऱ्या प्रवाहातच एक टक्क्याहून जास्त खळबळ असेल, तर टोल्मीन-श्लिख्टिंग लाटांची पायरी गाळलीच जाते. याला बायपास संक्रमण म्हणतात. टर्बाइनच्या पात्यांवर बहुतेक हेच घडतं, कारण त्यांच्यावर येणारी हवा पुढच्या पात्यांनी घुसळलेली असते.

इथे प्रवाहाच्या दिशेने लांबट, कमजोर भोवरे थरात उतरतात. ते मंद द्रायू वर आणि वेगवान द्रायू खाली नेतात, आणि शेजारी शेजारी मंद-जलद असे लांबच लांब पट्टे तयार होतात. भोवरा दुबळा असला तरी पट्टा जोरदार होऊ शकतो. एकही लाट गणिताने अस्थिर नसताना हे घडू शकतं. समांतर भिंतींमधला प्रवाह गणिताने ५,७७२ पर्यंत स्थिर असूनही प्रयोगात १,००० च्या आसपासच बिघडतो, आणि नळीतला प्रवाह तर बारीक लाटांच्या हिशेबाने अस्थिर होतच नाही, तरी २,३०० च्या आसपास बिघडतो.

पायरी ८: दाब आणि आकार तपासा

सपाट पट्टी अभ्यासापुरती. खऱ्या पृष्ठभागावर मागे जाताना दाब वाढत असेल, तर वेगाच्या वक्ररेषेला उलटा बाक येतो आणि संक्रमण झपाट्याने पुढच्या कडेकडे सरकतं. दाब कमी होत असेल तर थर सावरतो. लॅमिनार पंखांचा सगळ्यात जाड भाग मागे नेतात तो यासाठीच. पृष्ठभागातून थोडी हवा आत शोषली तरी थर सावरतो. पृष्ठभाग तापवल्याने हवेचा थर बिघडतो पण पाण्याचा सावरतो, कारण तापल्यावर हवेची श्यानता वाढते आणि पाण्याची घटते.

पृष्ठभाग आत वळलेला असेल तर प्रवाहाच्या दिशेने जाणारे ग्योर्टलर भोवरे येतात. पंख मागे कललेला असेल तर थरात आडवा प्रवाह तयार होतो आणि त्याची स्वतःची, बरीच खट्याळ अस्थिरता असते. दोन्ही विषय मोठे आहेत. सुरुवातीला ते आहेत एवढं माहीत असलं तरी पुरे.

पायरी ९: मोजा

हॉट वायर असेल तर उत्तम. वेगाची वक्ररेषा मोजून आकारगुणक काढा, म्हणजे विस्थापन जाडी भागिले संवेग जाडी (थरामुळे प्रवाहाची आणि संवेगाची जी तूट येते, तिची ही जाडीतली दोन मापं). लॅमिनार थरात तो २.६ च्या जवळ असतो, टर्ब्युलंटमध्ये १.४ च्या जवळ येतो.

डोळ्यांनी पाहायचं तर नॅफ्थलिन द्रावकात विरघळवून पृष्ठभागावर पातळ फवारा. टर्ब्युलंट भागात ते लवकर उडून जातं आणि खालचा काळा पृष्ठभाग उघडा पडतो, लॅमिनार भाग पांढराच राहतो. वाफ अपायकारक आहे, तेव्हा मास्क लावा आणि खोलीत हवा खेळती ठेवा. इन्फ्रारेड कॅमेराही याच तत्त्वावर चालतो: टर्ब्युलंट भागात उष्णतेची देवाणघेवाण जास्त, म्हणून हवेहून गरम मॉडेलवर तो भाग थंड दिसतो.

एका प्रयोगशाळेत आमचे दोन दिवस गेले होते. मॉडेलच्या एका बाजूला संक्रमण अपेक्षेपेक्षा खूप पुढे येत होतं. गणित तपासलं, वायर बदलली, काही उपयोग नाही. शेवटी नॅफ्थलिन मारलं. पांढऱ्या पृष्ठभागावर एक स्वच्छ काळी पाचर उमटली, दोन्ही अंगांना साधारण दहा-दहा अंश पसरत गेलेली. पाचरीच्या टोकाशी चिकटपट्टीचा कोपरा नखाएवढासुद्धा नाही, जेमतेम उचलला गेला होता. बोटाने दाबला, पुन्हा फवारलं, पाचर गायब. तेव्हापासून शंका आली की मी आधी नॅफ्थलिन मारतो आणि समीकरणाकडे नंतर वळतो.

पायरी १०: अंदाज बांधा

यासाठी कारखान्यांतही वापरली जाणारी रीत साधी आहे. फान इंगेन यांनी आणि स्मिथ व गॅम्बेरोनी यांनी १९५६ मध्ये ती स्वतंत्रपणे सुचवली. अंगठ्यात शिरल्यापासून प्रत्येक लाट किती पट वाढली ते काढायचं, त्या पटीचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा, त्याला एन म्हणायचं. एन ९ च्या आसपास पोहोचला, म्हणजे लाट सुमारे ८,००० पट वाढली, की संक्रमण झालं असं धरायचं.

९ च का? त्यामागे खोल सिद्धान्त नाही, शांत टनेलमधल्या आणि उड्डाणांतल्या मोजण्यांशी तो जुळतो म्हणून. आणि इथेच गडबडीचा प्रश्न परत येतो. मॅक यांनी एनचा संबंध खळबळीशी जोडून दिला: खळबळीचा अपूर्णांक घ्या, त्याच्या नैसर्गिक लॉगॅरिदमला उणे २.४ ने गुणा आणि ८.४३ वजा करा. खळबळ ०.०७ टक्के असेल तर उत्तर ९ येतं. १ टक्का असेल तर २.६. ३ टक्क्यांना ते शून्याला टेकतं, म्हणजे लाटेला वाढायला वावच उरत नाही, थर आडवाटेने जातो. हे तीन आकडे स्वतः काढून पाहा. सातवी पायरी आपोआप पक्की होईल.

पायरी ११: काय हवं ते ठरवा

रेनल्ड्स अंक १० लाख असताना टर्ब्युलंट थराचं पृष्ठभागावरचं घर्षण लॅमिनार थराच्या साडेपाच पटींहून थोडं जास्त असतं. त्यामुळे सगळ्यांना लॅमिनार हवंसं वाटतं. पण टर्ब्युलंट थराच्या वक्ररेषेत तळाशी जास्त जोर असतो, म्हणून तो वाढत्या दाबापुढे चिवटपणे पृष्ठभागाला चिकटून राहतो. प्रांट्ल यांनी १९१४ मध्ये गोलाच्या पुढच्या बाजूला बारीक तारेचं कडं घातलं, थर मुद्दाम टर्ब्युलंट केला, आणि गोलाचा एकूण अवरोध घटवून दाखवला. गोल्फच्या चेंडूवरचे खळगे तेच काम करतात.

ग्लायडरच्या एकाच पंखावर तुम्हाला दोन्ही गोष्टी दिसतील. पुढची कड आरशासारखी घासलेली असते, आणि उडता उडता तिच्यावर चिकटलेले किडे खरवडून काढायला काही ग्लायडरांवर दोरीने मागेपुढे सरकणारं छोटं पुसणं बसवलेलं असतं, कारण प्रत्येक किड्यामागे एक पाचर सुटते. त्याच पंखाच्या खालच्या बाजूला, बऱ्याच मागे, नागमोडी धारेची जाडसर पट्टी चिकटवलेली असते. तिथे पुढे दाब वाढणार असतो आणि लॅमिनार थर पृष्ठभाग सोडून फुगा धरण्याची भीती असते, म्हणून त्याच्या थोडं आधी, मोजून ठरवलेल्या जागी, थर हाताने बिघडवून दिलेला असतो.